पेलटियरचा गुडघा

२४ एप्रिल, गुरुवार

घेतला! शेवटी तो लंगडाच घेतला!

आयरीनमावशीच्या बारमध्ये आज उभं राहायला जागा नव्हती. गेल्या मोसमात आमचे ग्लेझर्स फुटबॉलमध्ये इतके हरले की कॉलेजची पोरं निवडायला आमचा नंबर दुसरा. टोलेडोत हरण्याचंही बक्षीस मिळतं, आणि ते घ्यायला आम्ही दर एप्रिलमध्ये नटूनथटून येतो. संघाच्या व्यवस्थापकाला तेवढ्याने भागेना. त्याने पुढच्या वर्षीची पहिली निवडही दुसऱ्या संघाला देऊन टाकली आणि आजचा पहिला नंबर मिळवला. कुणासाठी? एझ्रा पेलटियर. लुइझियानाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा. चेंडू असा फेकतो की धावणाऱ्याच्या ओंजळीत अलगद ठेवल्यासारखा. उजवा गुडघा मात्र दोनदा फाटलेला.

पडद्यावर नाव आलं. मग टर्क म्हणाला, "अभिनंदन. आपण अ‍ॅम्ब्युलन्स घेतली." टर्क आमचा पोस्टमन. ग्लेझर्सशी त्याने कायमचा संबंध तोडलाय. दर रविवारी येऊन तो ते सगळ्यांना सांगतो.

लमार सर मात्र खूश. त्यांनी मला शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. अकरावीत मी शाळा सोडली, ते मी विसरलो, सर विसरले नाहीत. सोबत आलेख आणले होते. गुडघा दोनदा फाटून परत आलेल्यांची रेघ कशी वर जाते ते बोटाने दाखवत होते. मामाने त्या आलेखावर बिअरचा ग्लास ठेवला.

"उघडलेला गुडघा परत मिळत नसतो, सर," मामा म्हणाला. "शिवून देतात ते दुसरंच काहीतरी असतं."

आई गेल्यापासून मी मामाच्याच घरी आहे. संघावर चिडला की त्याचा आवाज चढतो. आज तो खाली गेला होता. का, ते कळलं नाही.

भिंतीवरच्या जर्सीकडे सगळ्यांचं लक्ष होतं. ती मामानेच टांगलेली, माझ्या लहानपणी. एक क्वार्टरबॅक कामातून गेला आणि दुसरा मैदानात उतरला की जुन्या नावावर पांढरी चिकटपट्टी लावायची आणि वर नवं नाव लिहायचं. थर इतके झालेत की पाठीत फळी शिवल्यासारखी वाटते. नाव लिहायचं काम माझं, कारण या बारमध्ये स्पेलिंग न चुकवणारा मी एकटाच. आयरीनमावशी म्हणाली, पट्टी आणून ठेव. टर्क म्हणाला, दोन आण, एक नावाला आणि एक गुडघ्याला.

२५ एप्रिल, शुक्रवार

दुकानात दिवसभर रेडिओ. गाडीची काच बसवताना ऐकलं — एक माणूस फोनवर चक्क रडत होता. व्यवस्थापकाला हाकला म्हणाला, आणि मग स्वतःच्या घटस्फोटाचं सांगायला लागला. निवेदकाने त्याला थांबवलंही नाही!

२७ एप्रिल, रविवार

मामा जिना उलटा उतरतो.

सकाळी पाहिलं. तोंड भिंतीकडे, दोन्ही हात कठड्याला, शिडीवरून उतरावं तसा. एक पायरी, थांबला. एक पायरी, थांबला. मी खाली कॉफी घेऊन उभा. "बघतोस काय? कठडा हलतोय का ते तपासतोय," म्हणाला. कठडा हलत नाही. मीच बसवलाय तो.

फ्रिजवर ग्लेझर्सच्या चुंबकाखाली डॉक्टरांचं कार्ड आहे. गेल्या हिवाळ्यापासून आहे. वरचा कोपरा पिवळा पडलाय. मामाने काचेच्या कारखान्यात सगळा जन्म उभ्याने काढला, गुडघ्यातली गादी झिजून हाडावर हाड घासतंय. डॉक्टर म्हणाले, सांधा बदला. येत्या हिवाळ्याआधी नाही केलंत तर काठी, मग चाकाची खुर्ची. मी विषय काढला. मामाने टीव्हीकडे बोट केलं. टीव्हीवर पेलटियर नवी टोपी घालून हसत होता.

"त्याचं दोनदा केलं. देशातले सगळ्यात मोठे डॉक्टर होते. तरी बघ कसा उभा आहे, सगळा भार डाव्यावर. त्याला जमलं नाही ते मला जमणार?"

म्हणजे आवाज यासाठी खाली गेला होता!

१० मे, शनिवार

आज बारमध्ये गुडघ्याची न्यायालयीन चौकशी झाली. नव्या पोरांच्या सरावाची चित्रफीत टर्कच्या फोनवर. पेलटियर गाडीतून उतरतो आणि दारापर्यंत चालत जातो, बस्स, एवढीच. ती इतक्या वेळा पाहिली की दारही ओळखीचं झालं. टर्कने थांबवली, मोठी केली, मागे नेली. "हा बघा उजवा. टाच आधी टेकवत नाही." लमार सर म्हणाले, जमीन उताराची आहे. आयरीनमावशी म्हणाली, नवे बूट असतील, चावत असतील. एक जण म्हणाला की त्याच्या मेहुण्याचा शेजारी हाडांच्या दवाखान्यात फरशी पुसतो आणि त्याच्या मते हा पाय वर्षभर टिकणार नाही. यावर सगळे गंभीर झाले!

त्याच वेळी मामा आतून परत येत होता. एका स्टुलावर हात, मग पुढच्या स्टुलावर हात, मग काउंटरची कड. ओठ दाबलेले. त्या सगळ्यांच्या पाठीमागून तो अख्खा बार ओलांडून आला. एकानेही मान वळवली नाही. लुइझियानाच्या पोराची टाच मोजत होते ना!

५ जून, गुरुवार

स्टेडियमच्या मोसमी तिकिटांचं नूतनीकरण. आमच्या दोन खुर्च्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, वरून तिसऱ्या ओळीत. आधी आजोबा आणि मामा बसायचे, आता मामा आणि मी. शेवटचा टप्पा असा उभा की पुढच्या माणसाच्या बुटांचे तळवे दिसतात. लिफ्ट तिथपर्यंत जात नाही. मी हळूच म्हटलं, खालच्या मजल्यावर बदलून मागू या.

"खाली जावई बसतात," मामा म्हणाला. "सासऱ्याच्या तिकिटावर आलेले. ते खेळ बघत नाहीत, फोन बघतात."

मी वरच्याच दोन खुर्च्यांचे पैसे भरले.

१४ जून, शनिवार

आज सगळं फुटलं. सविस्तर लिहितो.

लमार सरांनी मामाला डिवचलं. म्हणाले, कॅझ, तू गणिताला घाबरतोस. पोरगा पहिल्या सामन्यात शेवटपर्यंत उभा राहिला तर काय देशील? मामाने पैसे काढले नाहीत, मिशीवरचा फेस पुसला.

"उभा राहिला तर मी माझा गुडघा उघडून घेईन."

सगळ्यांच्या माना वळल्या. मग टर्क म्हणाला, "तुझा? तुझ्या गुडघ्याला काय झालं?"

इतकी वर्षं शेजारच्या स्टुलावर बसतो हा माणूस!

मला वाटलं आता कुणीतरी मायेने बोलेल. पण या लोकांना एकच भाषा येते. टर्क स्टुलावरून उतरला, मामाभोवती फिरला, घोडा विकत घ्यायला आल्यासारखा.

"उंची ठीक. वजन जरा... ठीक. कारखान्यातला अनुभव दांडगा. पण वय बघा. पहिल्या फेरीत मी तरी नाही घेणार."

लमार सरांनी रुमालावर आलेख काढायला सुरुवात केली. सांधा बदललेले दहातले नऊ जण नीट चालतात म्हणाले. टर्क म्हणाला, तो दहावा नेहमी ग्लेझर्सकडेच येतो. आयरीनमावशीने विचारलं, याच्या बदल्यात दुसरा मामा मिळतो का, भांडी घासणारा. सगळे हसले, मामाही हसला. मी हसलो नाही. मी मामाचा हात पाहत होतो. काउंटरखाली गुडघा घट्ट धरला होता.

घरी येताना गाडीत म्हणाला, "काळजी करू नकोस वेंडेल. ग्लेझर्सनी आजवर मला पैज हरू दिलेली नाही."

मला त्याचीच तर काळजी आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

या पोराला मी एप्रिलमध्ये लंगडा म्हटलं. आता झोपण्याआधी त्याच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करतो. चर्चला मी ईस्टरलाच जातो, तेव्हा देवाने माझं का ऐकावं हा प्रश्नच आहे. त्यातून विषय ग्लेझर्सचा. देवही म्हणत असेल, पुन्हा हेच.

१६ ऑगस्ट, शनिवार

सराव सामना. पेलटियर थोडाच वेळ खेळला, पण काय खेळला! दोन जण अंगावर येत असताना उजव्या पायावर गर्रकन वळला आणि चेंडू मैदानाच्या पार टोकाला फेकला. एप्रिलमधला रडका माणूस आज रेडिओवर पुन्हा आला. पोराचा पुतळा कुठे उभारायचा ते विचारत होता.

मामाने तेवढ्यात टीव्ही बंद केला. पण संध्याकाळी डॉक्टरांचं कार्ड चुंबकाखालून काढून वाचत होता. मी आल्यावर म्हणाला, चुंबक पुसत होतो.

७ सप्टेंबर, रविवार

दारं उघडताच आत गेलो. गर्दीत कुणी मागून ढकलू नये म्हणून. शेवटच्या टप्प्याला मामा प्रत्येक पायरीवर थांबून मैदानाकडे बघायचा, जणू गवत तपासतोय. मीही बघायचो. खुर्चीत बसल्यावर त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

पेलटियर खेळला. आम्ही पुढे होतो. पुढे! ग्लेझर्स! लोकांना काय करावं सुचत नव्हतं. तिसऱ्या भागात समोरच्या संघातल्या धिप्पाडांपैकी एक मागून आला. पोरगा खाली, वर तीन जण.

सत्तर हजार माणसं उठून उभी. सगळ्यांच्या नजरा त्या एका गुडघ्यावर. डॉक्टर धावले. त्यांनी पायाला हातच लावला नाही. खांदा! खांद्याचं हाड मोडलं! एप्रिलपासून अख्खं शहर गुडघ्याचं डॉक्टर झालं होतं आणि मोडला तो खांदा, ज्याबद्दल एकाही शहाण्याने एक शब्द काढला नव्हता.

पोरगा गाडीतून बाहेर गेला. टाळ्या. मोसम संपला त्याचा. मग आम्ही हरलो, ते सांगायची गरज नाही.

पैज मामा जिंकला. मी टोपी डोळ्यांवर ओढली.

लोक गेले. मामा बसूनच. "तू हो पुढे," म्हणाला. मी झालो नाही. झाडूवाले आमच्या ओळीपर्यंत आले तेव्हा तो उठायला गेला आणि परत बसला. पुन्हा गेला, पुन्हा बसला. शेवटी दोन रखवालदारांनी पट्टे असलेल्या खुर्चीत बसवून त्याला खाली नेलं. त्यातला एक माझ्यापेक्षा लहान. वाटेत म्हणाला, "काका, पोराला गुडघ्याचं काही झालं नाही, निदान तेवढं." मामा आकाशाकडे बघत होता. त्याला टाळ्या नव्हत्या. खाली पडलेले कागदी पेले होते.

गाडीत बसल्यावर मामाने विचारलं.

"तो उठला कसा, पाहिलंस?"

म्हटलं, कोण?

"पोरगा. एक हात लटकत होता. दुसऱ्याने लटकता धरलेला. कुणाचा आधार घेतला नाही. नुसत्या पायांवर उठला. उजव्यावर."

मी पाहिलं नव्हतं. मी मामाकडे पाहत होतो.

८ सप्टेंबर, सोमवार

टर्क सकाळी टपाल टाकायला आला आणि दारातच म्हणाला, "आपण चुकीचा सांधा तपासत होतो." लाज म्हणून नाही. आता खांद्याच्या चित्रफिती जमवतोय.

२० सप्टेंबर, शनिवार

आयरीनमावशीचा फोन — पट्टी घेऊन ये. मला वाटलं बदली क्वार्टरबॅकचं नाव. गेलो तर मामा जर्सी भिंतीवरून उतरवून मांडीवर घेऊन बसलेला, शेजारी लमार सर आणि टर्क. कुणीच चेष्टा करत नव्हतं, म्हणून मी घाबरलो. डॉक्टरांकडे कुणीतरी भिऊन आपली शस्त्रक्रियेची तारीख सोडली, ती मामाने मागून घेतली. सोमवारी पहाटे बोलावलंय. पेलटियरच्या नावावर पट्टी लावली. "आता आपलं आडनाव लिही, आजोबांचं," मामा म्हणाला, "आणि नीट लिही." व्होयचेखोव्स्की. एका पट्टीत मावेना, दोन लागल्या. टर्कने जर्सी लांब धरून पाहिली आणि म्हणाला, "फार मोठी जोखीम घेतोय आपण," आणि मग तो बराच वेळ नाक शिंकरत राहिला.