व्याह्यांच्या हातचं पाणी

रविवार, मूल गावी

ही म्हणत होती, घरीच जेवण करू. मीच हट्टानं पोरीच्या होणाऱ्या सासरच्यांना हॉटेलात नेलं. तासभर कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मग पोळ्या आल्या, त्याही गार. भात संपला म्हणे. राईस मिलच्या गावात भात संपला. मी काउंटरवर जाऊन मालकावर ओरडत बसलो. काय मिळालं? वळून पाहतो तर व्याही हातात जग घेऊन आमच्याच माणसांना पाणी वाढत होते. मुलीकडचे आम्ही, अन् वाढत होते ते.

"बसा भाऊ, होत राह्यते असं," म्हणाले, अन् माझाही ग्लास भरला.

तो जग मी त्यांच्या हातून काऊन नाही घेतला? ओरडून घसा कोरडा पडला होता. बसलो अन् ते पाणी पिऊन टाकलं.