भिंतीवर लावायचा फोटो

बाबा, आईला तिचा फोटो काढून हवा होता आणि तीन आठवडे मी कारणं सांगून टाळत होते. आज उजेड नाही, उद्या काम आहे. फोटोग्राफरची मुलगी कॅमेऱ्याला घाबरते म्हणून तुम्ही हसला असतात. हो, घाबरते.

सुरुवात माझ्यापासूनच झाली. हिवाळ्यात मी राजस्थानातल्या आपल्या त्या गावी जाऊन आले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. इथे परदेशात, पाया लेबारच्या ऑफिसांत करड्या पडद्यापुढे माणसं उभी करून एकसारखे फोटो काढता काढता मी पार कंटाळून गेले होते. सरकारी नोकरी सोडून वाळवंटात स्टुडिओ थाटलात म्हणून आत्या तुम्हाला उंटावरचा शहाणा म्हणायची. पण त्या गावात अजून घरोघरी भिंतीवर तुम्हीच काढलेले फोटो आहेत, हार घातलेले. म्हातारी माणसं ठेवणीतले कपडे घालून यायची, आपल्या पश्चात लावायचा फोटो आधीच काढून ठेवायला. मला आठवतं, मी बारा वर्षांची आहे. एका आजोबांना मी म्हणते, "दादाजी, हँसिए ना," आणि तुम्ही मला हाताला धरून बाहेर काढता. नंतर म्हणालात, "घरच्यांना हा फोटो रोज बघायचाय. माणूस बसतो तसा बसू दे." मला फार राग आला होता.

या खेपेला त्याच भिंतींखाली मी आताच्या म्हाताऱ्यांना बसवलं आणि ते बसले तसेच त्यांचे फोटो काढले. कित्येक वर्षांनी हात शिवशिवले, बाबा. तहानभूक विसरून हिंडले. परत आल्यावर आठवड्यातच एका आजींच्या मुलाचा फोन आला, "दीदी, माँ चली गईं. आपकी फोटो बहुत काम आई." तो आभार मानत होता आणि मी फोटो काढून किती दिवस झाले ते मोजत होते. मग आणखी एका घरून तसाच फोन. म्हातारी माणसं जायचीच, हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

आईने ते सगळे फोटो लॅपटॉपवर पाहिले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "ह्यांनी अख्ख्या गावाचे काढले, माझा नाही," म्हणाली. "कधीही म्हटलं की म्हणायचे, घाई काय आहे? आता तू काढ. नंतर तुमची धावपळ नको." म्हणजे तुम्हीही घाबरत होतात. हे मला कधी सांगितलं नाहीत.

काल रविवारी ती सकाळीच जांभळी इरकल नेसली आणि हौगांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी खुर्ची ओढून बसली. माझी लेक इथल्या बोलीत ओरडली, "आजी, स्माइल लाह!" आई म्हणाली, "कशाला? अशीच बरी आहे." तिला काहीच सांगावं लागलं नाही. मी चार-पाचदा बटण दाबलं.

"नीट आला का गं?"

"छान आला, आई."

"चला, सुटले," म्हणाली आणि साडी बदलायला गेली.

तेव्हापासून ती निवांत आहे. तिच्या खोलीतून जरा वेळ आवाज आला नाही की मी हातातलं टाकून बघायला जाते. मोबाइलमध्ये तिचे ढीगभर फोटो आहेत, पण कालच्यासारखी बसलेली ती कुठेच नाही. बाबा, कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड मी आधीच काढून ठेवलं होतं.