दाजींच्या कानाची तार आणि गरम हवेचं यंत्र

॥ श्री ॥

कोरेगाव,
सोमवार, १२ फेब्रुवारी १९९६

तीर्थस्वरूप सौ. आक्कास,

धाकट्या हरीचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत (शकुंतलेचा गुडघा सोडून, तो फक्त पाणी भरायच्या वेळीच कसा दुखतो, याचा मी तपास करतो आहे). तुझा रक्तदाब कसा आहे? मोजणारा डॉक्टर तोच असेल तर एकदा दुसऱ्याकडूनही मोजून घे. दाजींना नमस्कार सांग, म्हणजे पाटीवर लिहून दाखव. हे पाकीट मी डिंकाने दोनदा चिकटवतो आहे, उघडलेलं मिळालं तर कळव. आमचा पोस्टमन परवा मला आपणहून म्हणाला, "काय हरीभाऊ, सांगलीला कवा निघालासा?" मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, मग ह्याला कसं कळलं?

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. तुझ्या स्वानंदीला बघायला आलेल्या मंडळींनी "लग्नानंतर पोरीनं मिरजेची नोकरी सोडली तर चालंल न्हवं?" असं विचारावं आणि दाजींनी हसून "व्हय व्हय, त्यात काय इचारायचं!" म्हणावं, म्हणजे कमाल झाली. पोरगी पॅथॉलॉजीत किती कष्टाने लागली, मला ठाऊक आहे. आता तीच मंडळी येत्या रविवारी पक्कं करायला येणार आणि दाजी ऐकू न येता पुन्हा मान हलवणार, या भीतीने ती नीट जेवत नाही, असं तू लिहितेस. मान दाजींची असली तरी दोष माझा आहे. त्यांच्या कानाचं मशीन संक्रांतीला दुरुस्तीला म्हणून मीच नेलं आणि महिना झाला तरी परत दिलं नाही.

बारा वर्षं तुझी धुणीभांडी करणाऱ्या हरणाबाईला तू कामावरून काढलंस, स्वानंदीचा केस वाळवायचा ड्रायर तिनेच नेला असं तुला वाटतं, तेही वाचलं. त्यावर शेवटी लिहितो. घाईने कुणावर संशय घेऊ नये, एवढंच तूर्त. (हे वाक्य मी लिहितो आहे म्हटल्यावर तुला संशय येणारच.)

आता उशीर का झाला ते सांगतो. मशीनमध्ये काही बिघाड नव्हता. खिशातल्या डबीपासून कानापर्यंत जाणारी तार तेवढी मानेपाशी तुटली होती. ती मी पाच मिनिटांत जोडली. पण सांध्यावर चिकटपट्टी लावली तर दाजींच्या घामाने ती सुटते आणि बनियनला चिकटते, हे मागे दोनदा झालंय. त्यासाठी एक बारीक नळी मिळते. सांध्यावर ओवायची आणि गरम हवा द्यायची, की ती आकसून तारेला घट्ट बसते. अशी वीतभर नळी मी पुण्याहून मागवली. (वीतभर म्हणून आली. माझ्या वितीला दोन बोटं कमी भरली. पाठवणाऱ्याची वीत कुणी बघितलीय?)

नळी आली, पण गरम हवा कुठून आणायची? आगकाडीने नळी काळी पडली. मेणबत्तीने एक बाजू आकसली आणि दुसरी तशीच राहिली. शेगडीवर धरली तर माझ्या हाताचे केस गेले, नळी जशीच्या तशी. तेव्हा ठरवलं, की गरम हवेचं एखादं लहान, खिशाला झेपेल असं यंत्र रीतसर विकत घ्यावं. म्हणून मागच्या मंगळवारी मिरजेला गेलो. (मी सांगलीच्या स्टँडवर दिसलो असं तुला कुणीतरी सांगितलं, ते खरं आहे. घरी का आलो नाही, तेही शेवटी लिहितो.)

स्टेशनरोडच्या मागे तौसीफ म्हणून एक दुकानदार आहे. माणूस फार गोड बोलतो, म्हणून मी पहिल्यापासून सावध होतो. त्याने तीन यंत्रं मांडली. पहिलं पिस्तुलाएवढं, दारांचा जुना रंग काढायचं. दुसरं गॅसवर चालणारं, लायटरएवढं. तिसरं तळहातात मावणारं, विजेवरचं, आणि नेमकं तेच सगळ्यांत स्वस्त. जे हवं तेच स्वस्त, म्हणजे यात काहीतरी गोम आहे, हे माझ्या लगेच लक्षात आलं. तुला माहीत आहे, शेंगा फोडून खाल्ल्याशिवाय मी कधी पायली घेतली नाही. मी म्हटलं, चालवून दाखवा. आणि त्याच्या नळीवर नको, माझ्या नळीवर. त्याची नळी त्याच्या यंत्राला सामील असायची.

पहिल्या यंत्राने नळी आकसली. दुसऱ्याने आकसली. तिसऱ्यानेही झकास आकसली. तिन्ही चालली म्हणताच माझा संशय बळावला. एखादं तरी बंद पडायला नको होतं का? म्हणून मी तिन्ही पुन्हा लावायला सांगितली, मग पंखा बंद करून, मग विजेची दोन्ही दुसऱ्या प्लगवर. शेवटी माझी खात्री पटली. तिसरंच घ्यायचं म्हणून पिशवीत हात घातला, तर नळी संपलेली. टेबलावर आकसलेल्या तुकड्यांचा ढीग पडला होता. एकदा आकसलेली नळी पुन्हा फुगत नाही. मी तौसीफला म्हटलं, तुमच्या दुकानात माझी नळी संपली. तो हात जोडून म्हणाला, "आवं काका, नळी तुमची, चालवा म्हणणारं तुमी. मी निस्ती हवा दिली, ती बी फुकट." त्याच्याकडची नळीही संपली होती, पुढच्या आठवड्यात येणार म्हणे. मग मीही यंत्र न घेता उठलो. नळीच नाही तर यंत्र घेऊन काय करायचं?

घरी येऊन सदरा झटकला, तर खिशातून नळीचा अर्धा इंच पडला. म्हणजे एकच संधी. काल मी देवाला नमस्कार केला, नळी ओवली, आणि घरात होतं त्या एका साधनाने गरम हवा दिली. नळी अशी बसली की विचारू नकोस. दाजींचं मशीन तयार आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने घेऊन येतो. पोरीला सांग, जेव म्हणावं.

तुझा धाकटा,
हरी

ता. क. १ : ते साधन म्हणजे स्वानंदीचा ड्रायर. संक्रांतीला निघताना कपाटावर दिसला आणि गरम हवा म्हणून पिशवीत टाकला. मागितला असता तर कशाला, कधी परत देणार, असे तुम्ही छप्पन्न प्रश्न विचारले असते. (संशयी स्वभाव आपल्या घराण्यातच आहे.) नुसत्या ड्रायरने जमेना, म्हणून काल त्याच्या तोंडाला पत्र्याचं नरसाळं बसवलं आणि मागची जाळी निम्मी झाकली. आता त्याचं तोंड करपलंय आणि केसांना लावण्यासारखा तो राहिलेला नाही.

ता. क. २ : मिरजेहून त्या दिवशी मी तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. ड्रायर पिशवीत होता, गुपचूप कपाटावर ठेवून द्यायचा बेत होता. पण दारात हरणाबाई उभी होती. पदर तोंडाला लावून म्हणत होती, "आवं वैनी, पोरांची आण घेते, मी न्हाई वो घेतला." मला पुढे यायचा धीर झाला नाही, मी मागे फिरलो. आक्का, जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेतला, पण माझ्या वाट्याचा संशय दुसऱ्याने भोगावा हे मला सोसत नाही. सहा रात्री झोप नाही. हे पत्र मशीनसाठी नाहीच, ह्यासाठी आहे. हरणाबाईला आजच्या आज बोलाव. शनिवारी मी तिच्यासमोर सांगतो आणि पाया पडतो. दाजींना मात्र कळवू नकोस.

ता. क. ३ : पाकीट चिकटवण्याआधी मशीन एकदा तपासावं म्हणून स्वतःच्या कानाला लावून बसलो. चार भिंतींपलीकडे, परसात शकुंतला शेजारच्या बनुबाईला हळू आवाजात सांगत होती, "अगं, त्यो ड्रायर ह्यांच्याच ट्रंकेत हाय. मी आक्कांस्नी गुरुवारीच पोस्टकार्ड टाकलंय. हरणाबाई कामावर आली सुदिक. आक्कांचं उलट कार्ड आलंय, त्याला काय सांगू नगंस, कवा कबूल करतोय बघू." त्या पोस्टमनला सगळं कसं कळलं, तेही मला आता कळलं. असो. मशीन उत्तम चालतं, याबद्दल मला कसलाही संशय उरलेला नाही.