पाइपाचा आवाज बसला

२ मार्च, रविवार

नांदेडला मेहुण्याच्या, शेषेरावच्या मुलीची, मुग्धाची सुपारी फुटली. मेहुणा प्राध्यापक, तरी जेवण चांगलं होतं. मी मुद्दाम स्पोर्ट्स कार नेली. लाल, दोन दारांची, हैदराबादच्या एका डॉक्टरने वापरलेली. लातुरात दुसरी नाही. कार्यालयाच्या अगदी दारात उतरलो. एकाचीही मान वळली नाही. सगळे डीजेच्या टेम्पोकडे बघत होते. पंगतीत नवऱ्या मुलाच्या चुलत्याने विचारलं, दाजी, कशानं आलात? एसटीनं का? शेषेराव म्हणाला, दाजींची गाडी लई गरीब हाय हो, कधी येती कधी जाती कळतच न्हाई.

रेणुका हसली. बायको कोणाच्या विनोदाला हसते हे मी लक्षात ठेवतो.

निर्णय: गाडीला आवाज पाहिजे.

३ मार्च

रेणुका म्हणते आवाजाचं काय एवढं. तिला काय सांगायचं. मी आवाजावरच मोठा झालो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी किल्लारीहून पत्र्याची पेटी आणि एक पेचकस घेऊन लातूरला आलो. आज औसा रोडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान, मागे मोठी शेड, हाताखाली सात माणसं. सगळं या कानावर. चालू मोटरीला पेचकसाचं टोक लावायचं, मूठ कानाला. मोटर स्वतःच सांगते काय दुखतंय. कॉइल, बुश, बेअरिंग. बाकीचे दुकानदार मोटर उघडून बघतात. मी नुसतं ऐकतो. निलंग्याचे, देगलूरचे लोक टेम्पोत मोटर टाकतात आणि म्हणतात, व्यंकटशेठच्या कानाला दाखवून येतो.

हा कान गेला तर दुकानाची नुसती पाटी राहील. पण आमच्या घराण्यात कान जात नाही. वडील ऐंशीव्या वर्षी मागच्या गल्लीतली भांडणं ऐकून आईला सांगायचे, तीही खरी.

९ मार्च

नांदेडला यज्ञेशच्या वर्कशॉपला गेलो. पुण्यात शिकून आलेला, गाड्यांना परफॉर्मन्स पाइप बसवतो. गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, सर, कंपनीनं हिच्या तोंडात बोळा कोंबलाय. मागचा मफलर काढून मोठ्या व्यासाचा स्टीलचा पाइप टाकू, स्टेज वन. थोडी पॉवर वाढेल, आवाज स्पोर्टी येईल. मी विचारलं, कायद्यात बसतं का? म्हणाला, सर, बॉक्सवर ऑफ-रोड यूज लिहिलंय.

पाऊस पडून गेल्यावर आमचे सगळेच रस्ते ऑफ-रोड. हो म्हणालो.

१६ मार्च

स्टेज वन बसला. येताना लोह्याच्या स्टँडवर बसलेल्या म्हशी उठल्या. अहमदपुरात एक म्हातारा कठड्याला धरून उभा राहिला. माणसं वळून बघतात! रेणुका शेजारी बसून काहीतरी म्हणत होती. महत्त्वाचं नसावं.

संकल्प: रोज सकाळी शेडमध्ये गाडी उभी करून दहा मिनिटं पाइप ऐकायचा. पेचकस पाइपाला, मूठ कानाला. पुढचं शटर अर्धं खाली ओढायचं, म्हणजे आवाज बाहेर सांडत नाही. धुरासाठी मागचं दार उघडं. जी वस्तू आपण घेतली ती आपल्याला तोंडपाठ पाहिजे.

१७ मार्च

दहाऐवजी वीस मिनिटं ऐकला. संध्याकाळपर्यंत कानात रातकिडे. आवाज अंगात मुरतोय.

४ एप्रिल

रेणुका नाजूक झाली आहे. टीव्ही हळू करा म्हणते. मी हळूच लावलेला असतो.

रामकिशनही आज म्हणाला, शेठ, तेवढं कानात कापसाचं बोळं तरी घाला की. मी म्हणालो, अरे, आचाऱ्याला जिभेवर फडकं बांध म्हणशील का? सगळी शेड हसली. रामकिशन एकोणीस वर्षं माझ्या हाताखाली आहे. माणूस सोन्यासारखा. कान बेताचा.

२२ एप्रिल

सीझन. रोज तीस-तीस मोटरी. एक निरीक्षण: आजकालच्या बेअरिंगा ओरडत नाहीत. पूर्वी बेअरिंग खराब झाली की बारीक किर्र यायची, दातांत शिरायची. हल्ली नाही. कंपन्यांनी क्वालिटी सुधारली आहे, मान्य केलं पाहिजे.

निलंग्याच्या शिवशंकर पाटलांची साडेसात एचपीची मोटर ऐकली. एकदम शांत. बेअरिंग ठणठणीत, घेऊन जा म्हणालो. रामकिशन मागे उभा राहून तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. हल्ली त्याला ही सवय लागली आहे.

२६ एप्रिल

शिवशंकर परत आले. मोटर जाम, वाइंडिंग कोळसा. चाळीस अंशांत चार दिवस उसाला पाणी नाही. दहा गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, शेठ, तुमच्या कानावर इसवास ठेवून वीस वर्षं येऊन राहिलो, काय ऐकलंत हो तुम्ही? हातवारे मोठे, आवाज बारीक. रागावलेल्या माणसाचा गळा बसतो. मी शांतपणे समजावलं की व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे.

तेवढ्यात रामकिशनने त्याच मोटरीची बेअरिंग उघडून टेबलावर ठेवली. तिच्या गोळ्या घरंगळून शिवशंकरांच्या पायापाशी गेल्या. याला कोणी विचारलं होतं?

रामकिशनला टेस्ट बेंचवरून उठवलं. उद्यापासून गेटवर बसून पावत्या फाडायच्या. त्याला म्हणालो, हवा चांगली असते तिथं.

११ मे

अपेक्षा होती तेच झालं. पाइपाचा आवाज बसला. फसवलं. तडक नांदेड गाठलं. यज्ञेशने गाडी रेज केली आणि स्वतःच कान झाकले. पोरगं आदबीचं आहे. म्हणाला, सर, आवाज होता तेवढाच आहे. मी म्हणालो, बाबा, आवाजातलं मला शिकवू नको.

स्टेज टू. मधला डबाही काढला. आता बरं वाटतंय. थोडं दुरून आल्यासारखं वाटतं, पण खानदानी.

१९ जून

लोकांना बोलण्याचा आळस आला आहे. ओठ हलवतात, मेहनत घेत नाहीत. बँकेत, देवळात, घरात सगळीकडे तेच. मोबाइलमुळे असावं.

रेणुकाने धरून कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून डोक्यावर हेडफोन चढवला. आवाज आला की बटण दाबा म्हणे. आवाज आलाच नाही तर मी काय दाबू? त्यांना सांगितलं, मशीन बघून घ्या, माझ्याकडे पाठवा, घरचं काम समजून करून देतो. त्यांनी एक आलेख काढून दिला. डावीकडून उजवीकडे घसरत गेलेला, घाटातल्या रस्त्यासारखा. कागदावर लिहिलं: बारीक आवाज गेले, ते परत येणार नाहीत. उरलेले वाचवायचे तर पाइप ऐकणं आजच बंद.

म्हणजे बाई मान्य करतात की आवाज उरलेले आहेत. कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. पाइप पाचच मिनिटं ऐकायचा, असा संकल्प केला.

२० जून

अर्धा तास ऐकला. कालचा मनस्ताप होता.

७ ऑगस्ट

गेल्या तीन महिन्यांत दुकानातून गेलेली एकही मोटर परत आली नाही. एकही! हे त्या डॉक्टरीणबाईंना कळवलं पाहिजे. शिवशंकरसुद्धा पुन्हा येऊ लागले आहेत. कान पूर्वीपेक्षा तयार झाला आहे. पाइपाच्या रियाजाचा परिणाम.

१२ ऑगस्ट

घात झाला.

एक मोटर मीच उलटी केली तर बुडाशी खडूने लिहिलेलं, 'बे'. दुसरीच्या बुडाशी 'कॉ'. तिसरीच्या 'बुश'. एवढ्या महिन्यांत मी सांगायचो एक, आणि पोरं बुडाचं वाचून करायची दुसरंच. अक्षर रामकिशनचं. गेटवर टेम्पो थांबला की हा पावती फाडायच्या निमित्ताने वर चढतो, पेचकस लावतो, ऐकतो आणि खडू मारतो. माझ्या गिऱ्हाइकांच्या मोटरी चोरून ऐकतो!

सगळ्यांना शेडमध्ये बोलावून त्याला काढून टाकलं. म्हणालो, पेचकस ठेव आणि नीघ. मान खाली घालून काहीतरी बोलला. मी म्हणालो, मोठ्यानं बोल, मर्द हाईस ना? मग मोठ्याने बोलला असावा, कारण सगळी पोरं जमिनीकडे बघायला लागली. मला नीट पोचलं नाही. शेडचा पत्रा आवाज खातो. घरी रेणुकाला सगळं आधीच कळलेलं होतं. तिने तेच तेच तीनदा सांगितलं तेव्हा समजलं. तो म्हणाला होता, शेठ, एकोणीस वर्षं तुमच्या कानावर जेवलो, चार महिने माझ्या कानावर तुम्ही जेवलात तर काय बिघडलं?

भाषा बघा. माणूस ओळखायला मला वेळच लागला.

५ सप्टेंबर

सात मोटरी परत. व्होल्टेज.

९ नोव्हेंबर

मुग्धाचं लग्न तीस तारखेला. पाइप पुन्हा बसला आहे, या वेळी पूर्ण. यज्ञेशला म्हणालो, इंजिनपासून मागपर्यंत सरळ नळी टाक, आत काही ठेवू नको. तो हातच लावेना. पाटीवर लिहून दाखवलं, सर हे रस्त्यावर चालणार नाही. पाटीवर लिहायची काय गरज होती कळलं नाही, पुण्याची पद्धत असेल. मी म्हणालो, त्या लग्नात मला कोणी एसटीचं विचारता कामा नये.

बसवला. सुरू केला तेव्हा शेजारच्या दोन दुकानांनी शटर ओढली. मला एक मऊशी घरघर आली. डोळ्यांत पाणी आलं.

रामकिशनने आमच्या समोरच पत्र्याचं दुकान टाकलं आहे. चार टेम्पो उभे असतात. लोक दयेपोटी जातात.

३० नोव्हेंबर, रविवार

आयुष्यातला मोठा दिवस.

मुहूर्ताला पाच मिनिटं असताना गाडी मांडवाच्या तोंडाशी लावली. अख्खा मांडव वळला! बटण दाबलं, उतरलो, अक्षता घेतल्या, पहिल्या रांगेत उभा राहिलो. मंगलाष्टकं चालू असताना सातशे माणसं नवरा-नवरीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. भटजींनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. भारावले होते. अंतरपाटाआड मुग्धाने मेंदीचे हात कानांवर ठेवले. लाजली. वहिनी रडत होत्या. आईचंच काळीज. शेषेराव तर माझ्यापुढे येऊन हात जोडून उभा राहिला, तोच शेषेराव, माझ्या गाडीला गरीब म्हणणारा. मी मोठ्या मनाने त्याच्या ओंजळीत अक्षता घातल्या.

कशानं आलात, असं कोणीही विचारलं नाही. सुरुवातीला गाडीपाशी थोडी पळापळ दिसली. सेल्फी काढत असतील.

१ डिसेंबर

रेणुका दिवसभर माझ्याशी बोलली नाही. किंवा बोलली असेल.

संध्याकाळी कागदावर लिहून दिलं. बटण दाबलं तरी गाडी बंद झाली नव्हती. सगळी मंगलाष्टकं ती मांडवाच्या तोंडाशी ओरडत होती. भटजींचा एक शब्द कोणाला ऐकू आला नाही. शेषेराव हात जोडून गाडी बंद करा म्हणत होता. शेवटी डीजेवाल्याने आत हात घालून बंद केली, आणि म्हणाला, आम्हाला लोक उगाच नावं ठेवतात. पोलिसांना फोन नवऱ्याच्या चुलत्याने केला. गाडीखालचा पाइप पंचनामा करून नेला.

शेवटी लिहिलं होतं, मुग्धाच्या लग्नाच्या व्हिडिओत फक्त तुम्ही ऐकू येता.

माझं मत: बटणात फॉल्ट.

१८ डिसेंबर

नांदेडला पोलिसांनी धरलेले सायलेन्सर मैदानात ओळीने मांडले होते, रोलर फिरवायला. मालकांनाही बोलावलं होतं. मोटारसायकलींचे बारके शंभरेक, मधोमध माझा. सगळ्यांत लांब. फोटोवाले त्याचेच फोटो घेत होते. थोडं बरं वाटलं.

रोलर आला. पुढच्या रांगेने कानांत बोटं घातली. मी हात मागे बांधून उभा राहिलो, म्हटलं एकदा शेवटचा ऐकून घेऊ. रोलर माझ्या पाइपावर चढला. पाइप चपातीसारखा झाला. रोलर उतरला, टोकाला गेला, वळला. लोकांनी बोटं काढली.

मी अजून वाट बघत होतो.

२१ डिसेंबर, रविवार. सकाळी

आज दुकानाला सुट्टी. तशी रोजच आहे. मागच्या ओट्यावर पाण्याच्या मोटरीशेजारी खुर्ची टाकून लिहितोय. छान ऊन. किती शांत सकाळ! पाखरूसुद्धा बोलत नाही. नव्या वर्षाचे संकल्प लिहायला घेतो. एक: गाडी विकायची, दुसरी घ्यायची, आवाजाची. दोन: दुकान पुन्हा

रेणुकाने वही ओढून घेतली. कागद संपलेत म्हणून आता तिने इथेच लिहिलं आहे, माझ्या ओळीखाली:

"आपली पाण्याची मोटर पहाटेपासून किंचाळतेय. तुम्ही तिला टेकून बसलाय. शेजारचे दोनदा येऊन गेले. रामकिशनला बोलावलंय. आधीची पानं मी वाचली."

नंतर, अकरा वाजता

रामकिशन आला. मला नमस्कार केला. पेचकस मोटरीला लावला, मूठ कानाला, डोळे मिटले. माझ्यासारखाच मिटतो. अर्धा मिनिट. मग माझ्याकडून वही मागितली, पेन मागितलं, आणि गेटवरच्या पावतीसारखा एकच शब्द लिहिला: बेअरिंग.

मीही तेच म्हणणार होतो.