लाँड्रीच्या गच्चीवरच्या चादरी

४ मार्च

तुरुंगात आमच्या भाच्याला झोपायलाही पाळी लावावी लागते! एका चादरीच्या जागेत तिघं – एक निजतो, दोघं भिंतीला टेकून. मोर्चातून सरसकट उचललेली पोरं, खटल्याचा पत्ता नाही. तुरुंगाचे साहेब म्हणतात, जागा अपुरी. मग माणसं कोंबता कशाला? जन्मभर मेट्रन होते. एका खाटेवर दोन पेशंट दिसले की मोठ्या डॉक्टरांनाही सोडलं नाही. यांना सोडते होय!

९ मार्च

ठरलं. ज्याच्या त्याच्या घरची चादर, तिच्यावर जाड काळ्या लोकरीने त्याचा चेहरा. टांगायच्या तुरुंगाच्या फाटकासमोर, लाँड्रीच्या गच्चीवर. लाँड्रीवाल्याचाही भाऊ आतच आहे.

आया-बायका माझ्याकडे शिवायला बसतात. एकीने नवऱ्याचं नाक धारदार काढलं. सासू म्हणाली, एवढं सरळ नाक आमच्या घराण्यात कुणाचंच नाही. किती दिवसांनी हसल्या सगळ्या!

टाका वाकडा गेला की कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर बोटांवर पट्टी मारायच्या. मी जिभेने मारते.

भाच्याची चादर मीच शिवली. ताई आलीच नाही. पोटचा पोर आत, आणि ही घाबरून घरात.

१८ मार्च

टांगल्या. वारा आला की चेहरे फुगतात, श्वास घेतल्यासारखे. पेपरवाल्याला सांगितलं, हा तुरुंग नव्हे, गोदाम आहे. छाप म्हटलं.

२१ मार्च

छापलं. आणि ताईला भेट नाकारली – एकट्या तिलाच! फाटकावरचा शिपाई म्हणाला म्हणे, बहिणीला आवरा.

ताई उंबऱ्यातच उभी राहिली. "तू तोंड वाजवलंस, भोगतोय माझा पोरगा. चादर उतरव."

मी नको ते बोलले. लिहीत नाही.

२२ मार्च

उतरवली. तिच्यासमोर चेहरा उसवला. लोकर निघाली, भोकं राहिली. घडी करून ती घेऊन गेली. दोरीवर त्याच्या जागी नुसती फट.

३० मार्च

ताईला भेट मिळाली. वरच्या बराकीच्या खिडकीतून गच्ची दिसते! आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी उठले की सगळे आपापली चादर शोधतात.

त्याने आईला पहिलं तेच विचारलं. "माझी का काढली? वाटलं, तुम्ही माझा नाद सोडलात."

ताई इथे बसली आहे, चादर मांडीवर घेऊन. जुन्या भोकांतून लोकर ओवतेय. टाके वाकडे जाताहेत. मी काही बोलत नाही.