नागू भोईर यांना ऐकू न गेलेल्या उरलेल्या वाक्याचा दाखला मिळण्याबाबत

प्रति,
मा. शाखाधिकारी साहेब,
उल्हासतीर फायबर नेट सेवा,
ग्राहक तक्रार विभाग, कर्जत, जि. रायगड.

अर्जदार : वामन धाऊ कराळे, निवृत्त वरिष्ठ लिपिक, मु. पो. शेलू, ता. कर्जत.

विषय : दारावरील कॅमेऱ्याच्या बेलची वायफाय जोडणी ऐन बोलण्याच्या मध्यात तुटली, असा गोल शिक्क्याचा दाखला शुक्रवारच्या आत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) याच बेलसंबंधी अर्जदाराने यापूर्वी दिलेले तीन अर्ज.
२) त्या तिन्ही अर्जांस आपल्या कार्यालयाकडून आलेले एकच उत्तर : "काका, राउटर बंद करून चालू करा."

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा शेलू गावठाणातील कायमचा रहिवासी असून त्याची सगळी नोकरी लोकांचे अर्ज तपासण्यात आणि परत पाठवण्यात गेली आहे. जन्मभर 'अर्जदार' हाच शब्द वाचल्यामुळे त्याला 'मी' असे लिहिताना हात अडखळतो, सबब हा अर्ज याच भाषेत गोड मानून घ्यावा.

१. अर्जदाराचा मुलगा नीलेश हा ऐरोली येथे एका कंपनीत कामास असून रोज सकाळी जातो व रात्री येतो. सूनबाईही दिवसभर नोकरीवर असते. शेलूत आता नव्या इमारती झाल्या, अनोळखी माणसांची ये-जा वाढली, घरी दिवसभर दोन म्हातारी माणसेच असतात, अशी कारणे सांगून त्याने गणपतीच्या सुमारास दारावर सदर बेल बसवली. दारासमोर कोणी आले की बेल नीलेशच्या मोबाईलवर खबर देते, त्याला आलेला माणूस दिसतो, आणि तो ऐरोलीत बसून शेलूच्या दारातून बोलू शकतो. हेतू चांगला होता याबद्दल अर्जदाराचे दुमत नाही. परंतु गावठाणात बेल वाजवण्याची पद्धत नाही. आलेला माणूस अंगणातूनच "वामन्या, हायस का रं?" अशी हाक मारतो आणि उत्तर मिळेपर्यंत ओटीवर येऊन बसलेलाही असतो. त्यामुळे बेलला हाताने वाजवणारा कोणी मिळाला नाही. पहिला आठवडाभर तिने शेजारच्या कोंबड्यांची हालचाल मात्र ऐरोलीला इमानेइतबारे कळवली.

२. सदर बेलचा मुख्य दोष असा की तिची वायफाय जोडणी टिकत नाही. घरात नेट असते, अर्जदाराच्या मोबाईलवर भजने चालू असतात, आणि बेल मात्र 'ऑफलाइन' म्हणून रुसून बसलेली असते. आपल्या कार्यालयातील श्री. सुमित हे तंत्रज्ञ येऊन पाहून गेले. मुलगा हुशार व नम्र आहे, हे येथे नमूद करणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो. राउटर आतल्या खोलीत, बेल बाहेर, आणि मध्ये पत्र्याचे कपाट व तांदळाचे पिंप, त्यामुळे रेंज पोचत नाही असे त्यांचे मत पडले. त्यानुसार राउटर हलवून पाहण्यात आला. सर्वांत चांगली रेंज देव्हाऱ्याच्या फळीवर मिळाली. परंतु अर्जदाराची पत्नी सौ. सोनुबाई यांनी "देवाच्या डोक्यावर असला डोळे मिचकावनारा डबा मी ठेवू देनार नाय" असे ठणकावल्याने तो तेथून उतरवावा लागला. पिंप हलवावे, तर त्यात नवा तांदूळ भरलेला आहे. कपाट हलवले, तर मागे बरीच वर्षे हरवलेली लोखंडी किसणी सापडली, जोडणी मात्र सापडली नाही. पासवर्ड बदलून झाला, बेल काढून पुन्हा जोडून झाली, आणि आपल्या सांगण्याप्रमाणे राउटर इतक्या वेळा बंद-चालू करण्यात आला की आता वीज गेली तरी घरातले अर्जदाराकडेच बघतात.

३. यात दसऱ्याला भर पडली. घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते, मग बेलने काय पाप केले, अशा न्यायबुद्धीने सौ. सोनुबाई यांनी बेलला झेंडू वाहिला आणि कॅमेऱ्याच्या काचेवर ठसठशीत कुंकू लावले. पूजेचे कुंकू मुद्दाम पुसायचे नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. अर्जदाराने त्यांच्या नकळत पंच्याने पुसण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ते काचभर सारखे पसरले. तेव्हापासून नीलेशला मोबाईलवर येणारा-जाणारा प्रत्येक जण रंगपंचमी खेळून आल्यासारखा दिसतो. इथवर झाले ते घरातले होते, आणि हसण्यावारी नेता आले.

४. आता मूळ मुद्दा. अर्जदाराचे बालमित्र श्री. नागू भोईर हे अर्जदाराच्या घरापासून चार घरे टाकून राहतात. भातशेती करतात, कमी बोलतात आणि बोललेले विसरत नाहीत. त्यांची नात निशिगंधा हिचे लग्न ठरले असून येत्या शुक्रवारी हळद आहे. ही मुलगी लहानपणी अर्जदाराच्या ओटीवरच पाढे पाठ करून मोठी झाली आणि अर्जदाराला 'आबा' म्हणते. आमच्याकडे लग्नाची पत्रिका हल्ली मोबाईलवरही येते. पण हळदीचे आवतण घरातल्या वडीलधाऱ्याने उंबऱ्याशी येऊन तोंडाने द्यायचे आणि घरच्याने 'येतो' म्हणायचे, तेव्हाच ते पोचले असे धरतात. हा नियम कोठे छापलेला नाही, परंतु छापलेल्या नियमांपेक्षा कडक पाळला जातो.

५. गेल्या मंगळवारी दुपारी नागू भोईर हे आवतण देण्यासाठी अर्जदाराच्या दारी आले. त्या वेळी अर्जदार आपल्याच कार्यालयात, सदर बेलबाबतचा तिसरा अर्ज हातात धरून बाकावर बसलेला होता. साहेब जेवायला गेले होते. सौ. सोनुबाई मागच्या अंगणात पाण्याची मोटार लावून कपडे धूत होत्या. नागू भोईर यांच्या डोक्यावर टॉवेल आणि खांद्याला पिशवी होती. बेलने ताबडतोब ऐरोलीला खबर दिली. नीलेश बैठकीत होता. त्याला कुंकवातून टॉवेल आणि पिशवी एवढेच दिसले, आणि कोणीतरी काही विकायला आले आहे असे समजून तो दारातून म्हणाला, "आम्हाला काही नको, पुढे जा!"

६. त्यावर नागू भोईर म्हणाले, "आरं, मी नागू. आवतान द्यायला आलोय." आवाज ओळखून नीलेश बैठकीतून उभाच राहिला आणि म्हणाला, "अरे देवा, नागूकाका! चुकलो, चुकलो. ओटीवर बसा, आई मागे आहे, तिला फोन करतो." हे वाक्य त्याने मोठ्याने आणि मनापासून म्हटले. बैठकीतल्या झाडून सगळ्यांनी ते ऐकले. फक्त नागू भोईर यांनी ऐकले नाही. कारण त्याच क्षणी सदर बेलची वायफाय जोडणी तुटली.

७. परिणामी, दाराने 'पुढे जा' म्हटले, आणि आपण कोण ते सांगितल्यावरही घर गप्पच राहिले, असा नागू भोईर यांचा समज झाला. पहिल्या वाक्यावर ते एक वेळ हसले असते. ती गप्प राहण्याची गोष्ट मात्र त्यांच्या जिव्हारी लागली. काही वेळ ते अंगणात उभे होते, असे समोरच्या घरातून कळते. मग आवतण न देता परत गेले. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी पुढील उद्गार काढले : "मानसानं हाकललं असतं तं भांडलो असतो. भिताडासंगं काय भांडू?" नीलेशने त्याच रात्री त्यांना फोन लावला. आवाज ओळखताच "आमाला काय नको, पुढं जा" एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. अर्जदार नागू भोईर यांना विहिरीत पोहायला शिकल्यापासून ओळखतो. हा माणूस इतका हजरजबाबी असेल असे त्याला कधी वाटले नव्हते.

८. येथे आपण विचाराल की अर्जदार स्वतः चार घरे चालत का गेला नाही. हा प्रश्न सौ. सोनुबाई यांनी रोज आणि वाढत्या आवाजात विचारलेला आहे. त्यांचे शब्द असे : "नागूभावजींचा मांडव हितनं दिसतोय, आनि तुमी कर्जतला कागद घेऊन पळताय. तुमच्या दोघांच्या मधी मी नाय पडनार." परंतु अडचण अशी की आवतण आले नसताना मांडवाच्या घरी जाणे म्हणजे आवतण मागायला जाणे होय, आणि ते या वयात अर्जदाराच्याने होणार नाही. नागू भोईरही आता पुन्हा दारी येणार नाहीत, कारण एकदा 'पुढे जा' ऐकलेल्या दारी परत जाणे त्यांच्याने होणार नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत आणि त्यामुळेच काम अडले आहे. अर्जदाराने नोकरीत अशी प्रकरणे पुष्कळ पाहिली, पण ती दुसऱ्यांची होती.

९. शुक्रवारी त्या मुलीच्या अंगाला हळद लागेल आणि अर्जदार चार घरांवर दार लावून बसलेला असेल, हे चित्र त्याला सहन होत नाही. हळदीचा बँजो चार घरांवर खणखणीत ऐकू येतो, त्याला वायफाय लागत नाही. अर्जदाराला फार वाईट वाटते आहे. हा शब्द कार्यालयीन नाही याची त्याला जाणीव आहे, परंतु शोधूनही दुसरा सापडला नाही.

१०. श्री. सुमित यांनी दूरध्वनीवर "काका, एवढ्यासाठी दाखला कशाला? बेल कधी बंद पडली त्याचा स्क्रीनशॉट पाठवतो, तो दाखवा" असे सुचवले. सूचना स्वागतार्ह आहे. परंतु नागू भोईर हे गोल शिक्का नसलेला कागद हातात धरत नाहीत. ही सवय त्यांना अर्जदारानेच नोकरीत असताना लावली आणि आता ती अर्जदाराच्याच अंगाशी आली आहे. तरी आपल्या लेटरहेडवर खालीलप्रमाणे दाखला मिळावा. आपला वेळ जाऊ नये म्हणून मसुदा येथेच देत आहे :

"दाखला देण्यात येतो की, श्री. नीलेश वामन कराळे यांचे 'आम्हाला काही नको, पुढे जा' हे बोलणे तेथे संपलेले नव्हते. त्यापुढे 'अरे देवा, नागूकाका! चुकलो, चुकलो. ओटीवर बसा' असे उर्वरित बोलणे होते. वायफाय जोडणी तुटल्याने ते श्री. नागू भोईर यांच्यापर्यंत पोचू शकले नाही. घर गप्प नव्हते. सबब त्यांनी वाईट वाटून घेऊ नये."

दाखला खरा असल्याबद्दल बैठकीत हजर असलेले सर्व जण साक्ष देण्यास तयार आहेत, असे नीलेश सांगतो. शेवटची दोन वाक्ये आपल्या अधिकारात बसत नसल्यास कृपया बसवून घ्यावीत.

११. या अर्जात श्री. नागू भोईर यांचा वारंवार उल्लेख आला असल्याने, ज्याच्याविषयी लिहिले त्याला नक्कल दिली पाहिजे या कार्यालयीन शिरस्त्यानुसार त्यांना नक्कल देणे भाग आहे. हे अर्जदाराच्या हा परिच्छेद लिहिताना लक्षात आले. टपालाने नक्कल शुक्रवारच्या आत पोचेल याची खात्री नाही. तरी अर्जदार ती आज संध्याकाळी स्वतः त्यांच्या घरी नेऊन देईल व पोच घेईल. सदर भेट निव्वळ कार्यालयीन स्वरूपाची असून आवतण मागण्यासाठी नाही, याची आपल्या दप्तरी नोंद व्हावी. सौ. सोनुबाई यांनी या कामासाठी अर्जदाराचा इस्त्रीचा सदरा काढून ठेवला आहे आणि त्या तोंडाला पदर लावून हसत आहेत. त्याचे कारण त्यांनी कळवलेले नाही.

तरी प्रकरणाची निकड ध्यानी घेऊन दाखला द्यावा, ही विनंती. बेल दुरुस्त झाली नाही तरी चालेल.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
वामन धाऊ कराळे

स्थळ : शेलू
दिनांक : १ डिसेंबर २०२५

सहपत्रे :
१) सदर बेलचे छायाचित्र, कुंकवासह.
२) नीलेश याचा लेखी जबाब.
३) सौ. सोनुबाई यांनी जबाब देण्यास नकार दिल्याबाबतचे टिपण.

प्रत माहितीसाठी :
श्री. नागू भोईर, शेलू (समक्ष).

पोच
(खालील मजकूर श्री. भोईर यांनी स्वहस्ते लिहिला आहे.)

नक्कल पोचली. वामन्यानं मांडवात उभं राहून आख्खी वाचून दाखवली, मधी पानी पन घेतलं नाय. पाव्हनं हसत व्हतं, हा वाचतच व्हता. मंग त्याचा आवाज बसला तवा मीच कागद काढून घेतला. पोराला सांग, काका रागावला नाय. दाखला नको, शिक्का नको. शुक्रवारी हळद हाय, वैनी, नीलेश, सूनबाई, समद्यांनी यायचं. निशी मंगळवारपासनं इचारते, आबा कवा येनार. तिला काय सांगू रं, अर्ज केलाय म्हनून?

नागू