राष्ट्रीयत्वाचा रकाना

पुलगाव, दि. ४ नोव्हेंबर २०२४

ती. टिकारामकाका,

सा. न. वि. वि. आजोबांना जय सेवा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून पत्रच लिहिते.

वनरक्षकाच्या यादीत माझं नाव आलं. पण राष्ट्रीयत्वाचा दाखला मिळेना. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'गोंड' लिहिलंय. सेतू केंद्रातल्या बाई म्हणतात, तिथे भारतीय हवं, नाहीतर सरकारी नोकरी विसरा. चार खेपा झाल्या. एवढं धावून भरती पार केली, आता त्या पायऱ्या चढवत नाहीत. सोळा डिसेंबरला कागदपत्रं तपासणार आहेत. मला शाळेत घातलं तेव्हा हेडमास्तर तुम्हीच होतात. कोणी लिहिलं असेल हो असं?

लोभ राहू द्या.
तुमची सोनम

अल्लीपूर, दि. ९ नोव्हेंबर

चि. सोनमला आशीर्वाद.

मीच लिहिलं. बाराखडी माझ्याकडून गिरवलीस आणि माझं अक्षर ओळखलं नाहीस?

तुला दाखल करायला माझे बाबा, म्हणजे तुझे आजोबा, आले होते. राष्ट्रीयत्व म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आपण कोण ते. ते म्हणाले, आपण गोंड. गावातले चार मोठे लोक तिथे बसले होते. त्यांच्यासमोर बाबा इतक्या मोठ्याने कधी बोललेच नव्हते. काय लिहायचं असतं ते मला ठाऊक होतं, तरी त्यांचा शब्द लिहिला. नंतर बदलू म्हटलं, ते राहून गेलं.

रजिस्टरातली दुरुस्ती प्रतिज्ञापत्राशिवाय होत नाही म्हणतात. थकलो गं, पण करतो. वेळेवर जेवत जा.

काका

पुलगाव, दि. १४ नोव्हेंबर

ती. काका, सा. न.

राग आला नाही म्हणणार नाही. आला, आणि तुमच्यावरच आला. आता उरला नाही. आजोबांना यातलं काही सांगू नका, त्यांना वाईट वाटेल.

सोनम

अल्लीपूर, दि. २ डिसेंबर

चि. सोनमला आशीर्वाद.

दुरुस्त दाखला पुलगावला निघालेल्या आपल्या गावच्या मुकेशच्या हाती पाठवतो आहे. जपून ठेव.

बाबांपासून लपवता आलं नाही. तुला शाळेत घालणारे म्हणून त्यांचाही अंगठा हवा होता. 'ती नोंद अनवधानाने चुकली' असं वकिलाने लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी अंगठा पुढे केला आणि म्हणाले, "नातीसाठी लबाड बोलतो मी. पण तिले खरं काय ते लिहून धाडजो."

म्हणून लिहितो आहे, पोरी. ती चूक नव्हती.

तुझा काका